टॉवरच्या पायथ्याशी

मुंबईत करी रोडच्या पुलावर उभं राहिलं की मान आपोआप वर जाते. काचेचे टॉवर एकमेकांना खेटून उभे आहेत. त्यांच्या मध्येच कुठेतरी एखाद्या गिरणीचं धुराडं उरलेलं असतं. पूर्वी कौलांच्या वर ते दुरूनही दिसे, आता शोधावं लागतं.

हे आकाश कुणा वास्तुरचनाकाराने आखलेलं नाही. गिरण्यांच्या सुमारे 600 एकर जमिनीसाठी 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीत ढोबळमानाने तीन वाटे होते: मोकळी जागा, परवडणारी घरं आणि मालक. 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली आणि शहराच्या वाट्याला फार थोडं आलं. तिथे उद्यानं झाली असती, तर टॉवर एवढे दाटले नसते.

उंच इमारत वाईटच असते, असं मात्र मी म्हणणार नाही. चार्ल्स कोरिया यांची ‘कांचनजंगा’ 1983 मध्ये कंबाला हिलवर पूर्ण झाली. 28 मजले, घरं फक्त 32. मुंबईत वारा पश्चिमेकडून येतो. पण दुपारचं ऊन आणि आषाढातला झोडपणारा पाऊसही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर खोल्यांभोवती व्हरांडा काढून तोडगा शोधला होता. कोरियांनी तोच व्हरांडा उचलून आकाशात नेला. इमारतीचे कोपरे कोरून त्यांनी दोन मजली उंचीच्या गच्च्या केल्या. ऊन-पाऊस तिथेच अडतो, वारा घरात शिरतो. ही श्रीमंतांची घरं होती, हे खरं. पण विचार इथल्या हवेचा होता आणि तो पुढे नेण्याजोगा होता.

तो पुढे गेला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. चाळीस वर्षांनंतरही पश्चिमेला सपाट काच लावायची आणि आतली उष्णता एसीने उपसायची, हाच रिवाज आहे. गच्ची गेली, सज्जा गेला, कपडे वाळत घालायलाही जागा उरली नाही.

त्याहून मोठं नुकसान पायथ्याशी झालं आहे. नियमानुसार लागणारं पार्किंग एफएसआयमध्ये (चटईक्षेत्र निर्देशांकात) धरलं जात नाही, म्हणून खालचे कितीतरी मजले गाड्यांना मिळतात. गाड्यांच्या या चौथऱ्याच्या, म्हणजे पोडियमच्या, कडेने चालून पाहा. एका हाताला वाहता रस्ता, दुसऱ्या हाताला जाळीची भिंत. एक दुकान नाही, टेकायला पायरी नाही, पावसात उभं राहायला आडोसा नाही. वर हिरवळ असते, पण ती रहिवाशांची.

आता दादाभाई नौरोजी रस्त्यावर या. इमारतींच्या दगडी कमानींखालून भर पावसात कोरडं चालता येतं. या इमारतीही व्यापारी मालकांनीच बांधल्या. तरी तळमजल्यावरची एवढी जागा त्यांनी चालणाऱ्याला दिली. ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींना 2018 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यातल्या आर्ट डेको इमारतींचे छज्जे बघा. खिडकीवर सावली धरणारी ती रेघच इमारतीचा चेहरा होते.

सध्या खरी कसोटी बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाची आहे. मधून लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना सुमारे 160 चौरस फुटांच्या खोल्या आणि सामायिक संडास, अशी ती शंभर वर्षांची वस्ती. तिथल्या कुटुंबांना 500 चौरस फुटांचं स्वतःचं घर मिळतंय. वरळीत 556 कुटुंबांना 2025च्या ऑगस्टमध्ये चाव्याही मिळाल्या. हा त्यांचा हक्कच होता. चाळीच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांनी आधी त्या संडासाची रांग आठवावी. पण त्या पॅसेजमध्ये मुलं खेळत, म्हातारी माणसं बसत, दारं दिवसभर उघडी असत. चाळीस मजल्यांच्या इमारतीत लिफ्टसमोरची चिंचोळी जागा हे काम करू शकत नाही. चार-पाच मजल्यांना मिळून एक सामायिक ओटा काढणं अशक्य नाही.

तुमच्या सोसायटीचा पुनर्विकास होणार असेल, तर करारावर सही करण्याआधी कार्पेट एरियाबरोबर आणखी दोन गोष्टी मागा: तळमजल्याचा नकाशा, आणि पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा किती इंचांचा आहे याचं लेखी उत्तर.