भोपाळनंतरचे कारंत

श्री. ब. व. कारंत यांच्या थोरवीविषयी रसिकांत दुमत नाही. आपल्या दशावतारी खेळांचे शेजारी जे यक्षगान, त्याच्या अंगाने त्यांनी दिल्लीत 'मॅकबेथ' उभा केला. भोपाळास भारत भवनाच्या रंगमंडळात कालिदासाच्या पात्रांस बुंदेली बोलावयास लाविले. १९८६ साली त्याच मंडळातील एक अभिनेत्री भाजली. कारंतांना अटक झाली, कारावास घडला. पुढे न्यायालयातून त्यांची मुक्तता झाली.

१९८९ साली कर्नाटक शासनाने त्यांस म्हैसुरास पाचारण केले आणि 'रंगायण' जन्मास आले. नव्या नटांस गाणे, चालणे, बोलणे मुळापासून शिकवीत ते परतले. गाजावाजा करून परतण्यापेक्षा हे निश्चितच शोभून दिसले. त्यांच्या आत्मकथेच्या कन्नड नावाचा अर्थ 'येथे राहवत नाही, तेथे जाववत नाही' असा आहे. त्यांची तगमग त्यात पुरती उतरली आहे.

परंतु या पुनरागमनाचे पोवाडे गाणारे आमचे समीक्षक त्या अभिनेत्रीपाशी क्षणभरही थांबत नाहीत, हे खटकते. भाजलेल्या देहाने रंगभूमीकडे वळणे हे काय कमी कठीण? न्यायालयाने एका माणसावरील आरोपाचा निकाल दिला. मंडळाच्या घडणीचा विचार हे त्याचे काम नव्हे, ते समीक्षेचे. वेतन, शिक्षण आणि भूमिकांचे वाटप जेथे एकाच गुरूच्या शब्दावर चालते, तेथे नटाने गाऱ्हाणे मांडावे कोणापुढे? म्हैसुरासही १९९५ पर्यंत सूत्रे कारंतांच्याच हाती होती.