सोनाराचा अभंग, वेल्डरच्या काचेतून

संत नरहरी सोनारांच्या एका अभंगात सोनाराचं अख्खं दुकान मांडलेलं आहे. शेगडी, मूस, फुंकणी, हातोडा, कातरी, ताजवा आणि शेवटी खांद्यावरची पोतडी. आपण तो रूपक म्हणून वाचतो आणि जोड्या लावून मोकळे होतो: देह म्हणजे शेगडी, नाम म्हणजे सोनं, विवेक म्हणजे हातोडा. अशा वाचनात अवजारं नुसती नावापुरती उरतात. माझ्यासाठी त्यांना वजन आलं ते हिंगोलीत, संध्याकाळी एका शेडवर वेल्डिंग शिकायला जाऊ लागल्यावर. आयटीआयचा वेल्डरचा ट्रेड एक वर्षाचा. दिवसा पोटापाण्याच्या मागे असणाऱ्यांनी मग दिवेलागणीनंतर कुणा मिस्त्रीच्या हाताखाली उभं राहायचं.

नरहरी पंढरपूरचे, नामदेवांच्या मेळ्यातले. नामदेवांचं जन्मगाव म्हणून परंपरा मानते ती नर्सी इथली, याच तालुक्यातली, कयाधूच्या काठची. नरहरींची आख्यायिका सगळ्यांना ठाऊक असते. कट्टर शिवभक्त, विठ्ठलाचं तोंड पाहायचं नाही म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधून ते मूर्तीच्या कमरेचं माप घ्यायला गेले. हाताला लागले शंकर, पट्टी काढली तर समोर विठ्ठल. हरिहर एकच, हे तात्पर्य कीर्तनकार सांगतातच. मला त्यात कारागिराची गोष्ट दिसते. केलेला करगोटा कमरेला बसेना, माप पुन्हा पुन्हा चुकलं, तेव्हा हा माणूस हादरला. वाद घालून तो हरला नसता. माप चुकलं म्हणून हरला.

डोळे झाकून हाताने पाहणं वेल्डरला रोजचंच आहे. काळी काच तोंडावर ओढली की ठिणगी पडेपर्यंत काहीच दिसत नाही: पत्रा नाही, सांधा नाही, स्वतःचा हातही नाही. रॉडचं टोक अंदाजाने टेकवायचं. रेंगाळलात तर रॉड चिकटतो, लांब धरलात तर ठिणगी विझते. जमलं तर काचेआड वितळल्या लोखंडाचं हिरवट दिसणारं तळं तेवढं उजळतं, आणि त्याच्याकडेच बघत पुढे सरकायचं. काच नीट न धरता बघणाऱ्याला रात्री वेल्डिंग लागते, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं.

आता हातोड्याकडे येऊ. अभंगात विवेकाच्या हातोड्याने काम आणि क्रोध यांचा चुरा होतो. सोन्यावर हातोडा मारला तर सोन्याचा चुरा होत नाही, ते पसरतं. चुरा होतो तो ठिसूळ मळाचा. नरहरींनी हातोड्याखाली नेमकं काय ठेवलं आहे ते बघा. नामाचं सोनं तिथे नाही, विकार आहेत. हे मला कळलं ते खपली काढताना. वेल्डिंग थंड होत आलं की वर काळी, काचेसारखी खपली धरते. चिपिंग हॅमरचे हलके ठोके दिले की ती तुकडे होऊन उडते, आणि जोड ठोक्याखाली तसाच राहतो. वर तारेचा ब्रश फिरवला की खवल्याखवल्यांची चकचकीत ओळ दिसते. धातूची समज नसलेल्या कवीने हातोडा मारला असता कुठेही.

कातरीचं कडवं तर मला सगळ्यांत धीट वाटतं. मन आणि बुद्धी ही तिची दोन पाती, आणि चोरी होते ती रामनामाच्या सोन्याची. गिऱ्हाईक सोनाराकडे ज्या संशयाने बघतं, तो त्याने स्वतःच अभंगात आणून बसवला आहे. संतवाङ्मयात इतका खोडकर कबुलीजबाब क्वचित सापडतो. वेल्डरच्या चोऱ्या वेगळ्या. सांध्यात धातू मुरवायचा नाही, वरवर ओळ ओढायची, ग्राइंडर मारून रंग द्यायचा. गेटला ते वर्षभर खपून जातं. हळद शिजवायच्या कुकरला खपत नाही. वाफ भरली की फटीतून शिट्टी वाजते. याच जिल्ह्यात औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होते आहे. तिच्या दोन भुजा प्रत्येकी 4 किलोमीटरच्या, आणि त्यांच्या पोलादी नळ्यांत जवळपास निर्वात पोकळी राखायची. तिथे रंगाने काही झाकलं जायचं नाही. नरहरींनीही चोरीच्या लगेच पुढे ताजवा ठेवला आहे, ज्ञानाचा. जोखायची आहेत नामाची दोन अक्षरं.

मग पोतडी खांद्यावर टाकून सोनार पैलथडी उतरतो. पलीकडे पोहोचल्यावर साधनं टाकून द्यावीत, असं अध्यात्म नेहमी सांगतं. हा गडी दुकान बरोबर नेतो. शेवटी भजन आहे, आणि त्याची वेळ मुद्दाम बघण्यासारखी आहे: रात्रंदिवस. आधी ठोकण्याच्या कामाला त्याने दिलेली वेळही तीच होती. दोन्ही कामं एकाच माणसाला चोवीस तास करायची असतील, तर ती वेगवेगळी असून कसं चालेल?