छप्पन वजा एक

संग्राहक आणि बँकेतला ऑडिटर या दोन प्राण्यांत फारसा फरक नसतो. जे आहे त्याचा आनंद दोघांनाही होत नाही. जे नाही ते गेले कुठे, एवढीच दोघांना काळजी. हे मी अधिकाराने सांगतो. कारण बी.कॉम.च्या जोरावर वीस वर्षे मी बँकेत कारकुनी करतो आहे, आणि जन्म एका संग्राहकाच्या पोटी घेतला आहे.

आमचे अण्णा 'गीतरामायणा'चे संग्राहक. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठेसे! सुधीर फडक्यांच्या रेकॉर्डी आणि कॅसेटी घरोघर होत्याच की. तिथेच तर गोम आहे. घरोघर असलेल्या वस्तूला संग्राहक हिंग लावून विचारत नाही. अण्णांना हवे होते रेडिओवरचे पहिले 'गीतरामायण'. पुणे आकाशवाणीने ते १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला सुरू केले. कल्पना सीताकांत लाडांची, शब्द गदिमांचे, चाली बाबूजींच्या. दर आठवड्याला नवे गाणे. हिशेबाने बावन्न व्हायची. पण अधिक महिना आला आणि छप्पन झाली. १९५६च्या रामनवमीला समाप्ती. त्या प्रसारणात रामाला आवाज बाबूजींचा होता, पण बाकीच्यांना ज्याचा त्याचा. माणिक वर्मा, लता मंगेशकर, मालती पांडे, ललिता फडके, वसंतराव देशपांडे, सुरेश हळदणकर, राम फाटक, बबनराव नावडीकर! पुढे सगळीच गाणी बाबूजी एकटे गाऊ लागले आणि महाराष्ट्राच्या कानात तेच बसले.

ही मालिका पुन्हा लागली तेव्हा मी तिसरीत होतो. आमच्या जांब्यात तेव्हा ज्वारीची शेते होती. हिंजवडीकडून इमारती चालून यायच्या होत्या. अण्णांनी मेव्हण्याकडून टेपरेकॉर्डर मागून आणला आणि रेडिओसमोर ठेवला. वायर जोडायची सोय नव्हती, त्यामुळे रेडिओ बोलेल ते आणि घर बोलेल तेही टेप होणार! गाणे चालू असेपर्यंत घरात संचारबंदी. आईने फोडणीसुद्धा द्यायची नाही. म्हशीला मात्र हा नियम कुणी सांगितला नव्हता. दशरथाच्या मृत्यूनंतर जो हंबरडा आमच्या कॅसेटवर आहे, तो कौसल्येचा नव्हे.

अशी छप्पन गाणी जमली. अण्णांनी वहीत खतावणी केली : अनुक्रमांक, गायक, शेरा. शेऱ्यात 'वीज गेली', 'पाहुणे आले' अशा नोंदी. कुणी चुकून पुसू नये म्हणून प्रत्येक कॅसेटची मागची चिमुकली पाती मोडून टाकली. ती मोडली की टेप करायचे बटणच दबत नाही. पण त्या भोकात कागदाचा बोळा कोंबला की दबते, हा शोध आमच्या वर्गात कुणीतरी लावला होता. एका दुपारी मी बोळा कोंबला आणि मॅचची कॉमेंटरी टेप केली. कॉमेंटेटर मी, कपिल देव मी, प्रेक्षकही मीच. त्यात माणिक वर्मांचे सीतेचे एक गाणे गेले.

अण्णा काही बोलले नाहीत. वहीत त्या गाण्यापुढे फक्त लिहिले, 'चिरंजीव'. एखादी शिवी दिली असती तर खाते तिथेच बंद झाले असते. ही नोंद मात्र पस्तीस-छत्तीस वर्षे सस्पेन्स अकाउंटला पडून राहिली.

पुढे वाचनात आले की बीटल्स मंडळींनी १९६२ ते १९६५ या काळात बीबीसी रेडिओसाठी २७५ वेळा गाणी वाजवली, आणि बीबीसीने त्यातल्या कितीतरी टेपा पुसून टाकल्या. १९९४ साली त्या गाण्यांचा अल्बम काढायची वेळ आली, तेव्हा घरी रेडिओ टेप करणारे लोक उपयोगी पडले. हे वाचून मला फार बरे वाटले. गुन्हा तोच होता. पण जोडीला एवढी मोठी संस्था होती!

आता या गाण्यांबद्दल माझे मत. संगीतात मला कळते ते कॉमर्सवाल्याला कळेल तेवढेच. पण जमा आणि नावे समोरासमोर मांडता येते. दुर्मीळ ते चांगलेच, हे संग्राहकांचे तत्त्व मला मान्य नाही. आमच्या कॅसेटवर कोरसमध्ये शब्द एकमेकांच्या पायात येतात, आणि रेकॉर्डीवरच्या बाबूजींचा शब्दन् शब्द स्वच्छ लागतो. शिवाय एकट्याने गाणे कथेलाही धरून आहे. कुश-लव रामापुढे गातात, अशीच तर तिची सुरुवात. कीर्तनकार एकाच उपरण्यात राम होतो, सीता होते, मारुती होतो. आपण हरकत घेत नाही.

ही झाली जमा. पण सीतेचे गाणे आले की माझा हिशेब बिघडतो. एकटा गाणारा अख्खे रामायण जाणून असतो. त्याच्या पहिल्या गाण्यातही शेवटचे दुःख आधीच येऊन बसलेले असते. रेडिओवरच्या प्रत्येकाला आपल्यापुरतेच माहीत. बाबूजी सीतेचे दुःख आपल्याला समजावून सांगतात. माणिक वर्मांची सीता कुणाला काही समजावत नाही. ती रामाशी बोलते आणि आपण दाराआडून ऐकतो. पुढच्या शुक्रवारी काय होणार, हे जणू तिला ठाऊकच नाही. हा भोळेपणा रेकॉर्डीवर नाही, आणि म्हणून ते जुने टेपिंग जपण्यासारखे आहे. ते दुर्मीळ आहे म्हणून नव्हे.

परवा ते पुसलेले गाणे मला मोबाईलवर सापडले. मूळ आवाज, स्वच्छ, म्हशीविना. ऐंशी ओलांडलेल्या अण्णांच्या कानाशी धरले. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकले.

"अण्णा, झाली छप्पन. आता ती माझी कॉमेंटरी पुसून यावर हेच गाणे घेऊ."

"हात लावशील तर खबरदार!" अण्णा म्हणाले. "हे आता गावभर झालं. ती कॉमेंटरी जगात एकच आहे. दुर्मीळ."

माझा गळा दाटून आला. तेवढ्यात ते पुढे म्हणाले,

"दुर्मीळ म्हटलं मी. चांगली म्हटलं नाही."