कात्रणाची मागची बाजू

शांता आपटे यांच्याशी संबंधित वस्तूंचा माझा संग्रह आता दोन लोखंडी ट्रंकांत मावेनासा झाला आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात घासाघीस करून मिळवलेल्या गाण्यांच्या पुस्तिका, काही तबकड्या आणि रद्दीतल्या मासिकांतून कापलेली ढीगभर छायाचित्रे. चाळीस वर्षे मी हे सारे अभ्याससाधन म्हणून मिरवले. २००३च्या आगीत ‘प्रभात’च्या जुन्या नायट्रेट प्रती जळाल्या, त्यानंतर तर या कागदांचा भाव आणि आम्हां संग्राहकांचा तोरा दोन्ही वाढले.

पण ही साधने सांगतात काय? ‘कुंकू’ची (१९३७) पुस्तिकाच घ्या. तुतारी फुंकणारी ती ‘प्रभात’ची स्त्री, नटसंच, कथासार, शांताराम आठवल्यांची गाणी. अशा पुस्तिकांतले कथासार ऐन पेचाशी थांबते आणि ‘पुढचे पडद्यावर पाहा’ म्हणून वाचकाला तिकिटाच्या खिडकीकडे पिटाळते. म्हणजे मुळात ही जाहिरात. शांतारामांनी त्या चित्रपटात रूढ पार्श्वसंगीत टाळून भोवतालच्या आवाजांवर भिस्त ठेवली. त्या शांततेत नीरेचा नकार अधिक धारदार होतो. गाताना शांताबाईंचे डोळे आणि हात जे बोलतात, त्याचा पुस्तिकेत मागमूस नाही. पुस्तिका जपून मी शब्द जपले. अभिनय निसटला तो निसटलाच.

याहून मोठी चूक माझ्या कात्रीची. १९३९मध्ये कंपनीशी झालेल्या वादातून शांताबाई ‘प्रभात’च्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिले. शीर्षकातले प्रश्नचिन्ह शोभेचे नाही. चित्रपट हा धंदा आहे आणि नटनट्या त्यात राबणारी माणसे आहेत, हे त्यांनी आतल्या माणसाच्या अधिकाराने मांडले. मी ते फार उशिरा, ग्रंथालयात बसून वाचले. तोवर नीरेचा बाणेदारपणा मी दिग्दर्शकाच्या खात्यावर जमा करीत होतो आणि उपोषणाकडे तारकेचा लहरीपणा म्हणून पाहत होतो. (आमच्या मंडळींत तो किस्सा अजूनही हसत हसत सांगितला जातो.) पुस्तक वाचल्यावर ‘कुंकू’ पुन्हा पाहिला. पडद्यावरची बाई आणि फाटकाशी बसलेली बाई यांच्यात मला आता फारसे अंतर दिसेना. चाहत्याला हे पुस्तक अडचणीचे वाटते. ज्या झगमगाटासाठी आपण पैसे मोजले, त्याची किंमत कोणी कशी चुकती केली, याचाच हिशेब ते मांडते.

त्यानंतर एका रात्री सगळी कात्रणे उलटी करून पाहिली. पुढे शांताबाईंचा चेहरा, कडा नीट सरळ कापलेल्या. बहुतेकांच्या मागे साबण नाहीतर केशतेलाची जाहिरात. एकाच्या मागे मात्र मजकुराचा रकाना आहे. त्यात ‘करार’ हा शब्द स्पष्ट वाचता येतो, ‘उपोषण’चा ‘उपो’ तेवढा उरला आहे, आणि प्रत्येक ओळ मधोमध तुटलेली. तो अंक मी अजून शोधतो आहे. कापताना मासिकाचे नाव किंवा महिना टिपून ठेवायचेही मला सुचले नव्हते.