‘आशा’ या पदाचा ख्रिस्ती अर्थ : एक विचार

ख्रिस्ती श्रद्धेच्या परिभाषेत विश्वास, आशा व प्रीती ही त्रयी सुप्रसिद्ध आहे. यांतील मधले पद परिचयामुळे सुबोध वाटते. वस्तुतः अर्थदृष्ट्या तेच अधिक अवघड आहे.

मराठी वाचकाच्या मनात हा शब्द पूर्वसंस्कारांसह उतरतो. निवृत्तिपर विचारात आशा हे बंधन होय. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात आशा पाशरूपाने येते व तिने बद्ध होणे हे आसुरी वृत्तीचे लक्षण ठरते. ‘आशाळभूत’, ‘आशेला लावणे’ या व्यावहारिक प्रयोगांतही हीच हीनत्वाची छटा आहे. उलट हिब्रू भाषेत आशावाचक ‘तिक्वा’ हाच शब्द यहोशवाच्या पुस्तकात राहाबेने खिडकीस बांधलेल्या किरमिजी दोरासाठी योजिलेला आहे. त्या खुणेमुळे यरीहोच्या पाडावात तिचे कुटुंब वाचते. एक दोर बांधतो, दुसरा तारतो. हा विरोध मोहक असला, तरी त्यावर सिद्धान्त उभारणे युक्त नव्हे. शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे त्याचा अर्थ नव्हे, हे जेम्स बार यांनी 1961 साली बायबलच्या भाषेसंबंधीच्या आपल्या ग्रंथात साधार दाखविले आहे. अर्थ प्रयोगात पाहावयाचा असतो.

ग्रीक ‘एल्पिस’ हा शब्द मुळात केवळ भावी गोष्टीची, बऱ्याची वा वाइटाचीही, अपेक्षा दर्शवितो. चारही शुभवर्तमानांत हे नाम एकदाही आढळत नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. लूकच्या चोविसाव्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवरील शिष्य त्याचे क्रियापद वापरतात, तेही भूतकाळी : इस्राएलाची मुक्तता येशू करील अशी त्यांची आशा होती, क्रूसाने ती संपविली. पेत्राचे पहिले पत्र मात्र ‘जिवंत’ आशेचा संबंध थेट पुनरुत्थानाशी जोडते. तेव्हा ख्रिस्ती आशा ही जुन्या अपेक्षेची पुढची पायरी नसून त्या अपेक्षेच्या अंतानंतर उगवणारी आहे. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौलाने लावलेला क्रमही क्लेश, धीर, कसोटीस उतरलेले शील आणि मग आशा असाच आहे. तिला आशावाद म्हणणे म्हणूनच चुकीचे ठरते.

येथे व्याकरण साहाय्यक होते. ‘पैशाची आशा’ यातील षष्ठी इष्ट वस्तू दाखविते. ‘देवावर आशा ठेवणे’ यातील ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय आधार दाखविते. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातील ग्रीक रचनाही ‘एपि’ या आधारवाचक अव्ययाची आहे. पहिल्या रचनेत भर इच्छिणाऱ्याच्या ओढीवर पडतो, दुसरीत ज्याच्यावर विसंबावयाचे त्याच्या सत्यतेवर. ‘भरवसा’ म्हटल्यास भविष्यकाळ हरवतो, ‘अपेक्षा’ म्हटल्यास आधार. म्हणून ‘आशा’ हाच शब्द राखणे इष्ट. मात्र त्याची रचना सांभाळली पाहिजे.

हा प्रश्न केवळ कोशकारांचा नाही. दफनविधीच्या वेळी ‘पुनरुत्थानाची आशा’ असे म्हटले जाते, तेव्हा शोकाकुल श्रोत्यास ‘असे झाले तर बरे’ एवढेच ऐकू येण्याचा संभव असतो. पौलाला अभिप्रेत अर्थ निराळा आहे : दिलेले वचन खरे आहे, म्हणून धीराने वाट पाहावयाची. इच्छा आणि वाट पाहणे यांतील हे अंतर विवरणात स्पष्ट झाले नाही, तर शब्द ख्रिस्ती राहील, अर्थ राहणार नाही.