१४.३ हा आकडा नीट वाचूया

सिस्टिक फायब्रोसिसवर सेमिनार द्यायचा म्हटलं की एक पेपर हमखास निघतो. २०१९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेली, एलेक्साकॅफ्टर, टेझाकॅफ्टर आणि आयव्हाकॅफ्टर या तीन औषधांची एकत्रित फेज-३ चाचणी. पेपर उत्तम आहे, वादच नाही. पण स्लाइडवर त्यातला एकच आकडा जातो आणि बाकीचा पेपर मागे राहतो.

थोडी पार्श्वभूमी. या आजारात सीएफटीआर हे प्रथिन बिघडतं. पेशीतून क्लोराइड जाण्याचा हा मार्ग. तो बिघडला की फुप्फुसातला कफ घट्ट होतो आणि जंतू ठाण मांडतात. सर्वांत जास्त आढळणारं म्युटेशन म्हणजे एफ५०८डेल. यात प्रथिनाची घडी नीट बसत नाही, त्यामुळे ते पेशीच्या पृष्ठभागावर पुरेसं पोचतच नाही. तीनपैकी दोन औषधं ही घडी सुधारतात, तिसरं मार्ग उघडा ठेवायला मदत करतं.

चाचणीत १२ वर्षं आणि त्यापुढचे ४०३ रुग्ण होते. २४ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचा एफईव्ही-१ प्लासिबो गटापेक्षा १४.३ ने जास्त राहिला. आता हे टक्के नव्हेत, पर्सेंटेज पॉइंट आहेत! सुरुवातीची सरासरी साधारण ६१ होती, म्हणजे सापेक्ष वाढ २३ टक्क्यांच्या आसपास जाते. 'क्षमता १४ टक्क्यांनी वाढली' हे वाक्य म्हणून चुकीचं आहे.

दुसरा प्रश्न: हे रुग्ण कोण? सगळ्यांकडे एफ५०८डेलची एक प्रत होती आणि एफईव्ही-१ ४० ते ९० च्या दरम्यान होता. ज्यांची फुप्फुसं त्याहून खालावलेली होती, ते यात नाहीत. ज्यांच्यात प्रथिन तयारच होत नाही, त्यांच्यात तर या औषधांना दुरुस्त करायला काही नसतं. भारतीय रुग्णांच्या अभ्यासांत एफ५०८डेलचं प्रमाण युरोपपेक्षा कमी दिसतं. त्यामुळे 'बहुतेक रुग्णांना उपयोगी' हे तिकडचं वाक्य इकडे जसंच्या तसं उचलता येत नाही.

माझा मुख्य आक्षेप मात्र पेपरवर नाही, त्याच्या वाचनावर आहे. प्लासिबो गट म्हणजे उपचार नसलेला गट, असं आपण गृहीत धरतो. दोन्ही गटांचे नेहमीचे उपचार चालूच होते. रुग्णाचा दिवस त्यातच जातो: नेब्युलायझर, छातीची फिजिओथेरपी, अनेकांना जेवणासोबत एन्झाइमच्या कॅप्सूल. 'गोळी मिळाली, आता नेब्युलायझर सोडू का?' या प्रश्नाचं उत्तर या पेपरात नाही, कारण तो प्रश्न विचारलेलाच नाही.

तो नंतर सिम्प्लिफाय या अमेरिकी अभ्यासाने विचारला. गोळी घेणाऱ्या काहींनी हायपरटॉनिक सलाइन किंवा डॉर्नेज अल्फा ६ आठवडे थांबवलं. फुप्फुसाच्या क्षमतेत म्हणावा असा फरक पडला नाही. पण तिथेही फुप्फुसं बऱ्यापैकी चांगली असलेलेच रुग्ण होते, आणि ६ आठवडे म्हणजे आयुष्यभराच्या आजारात फारच थोडा काळ.

पुढच्या जर्नल क्लबला आकड्याखाली तीन ओळी लिहाच: कशाच्या तुलनेत, कोणामध्ये, आणि सोबत काय चालू होतं. रुग्णाचा रोजचा तास-दीड तास वाचणार की नाही, हे त्या तिसऱ्या ओळीवरच ठरतं.