‘वीस पाच’ की ‘पंचवीस’: एक जुनं भांडण संशोधकाच्या नजरेने

जून २०१९ मध्ये बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक शाळांत पोचलं आणि आठवडाभरात महाराष्ट्रात ज्याला-त्याला संख्यावाचनावर मत फुटलं. पुस्तकात ‘पंचवीस’साठी ‘वीस पाच’, ‘सत्त्याण्णव’साठी ‘नव्वद सात’ असं वाचन सुचवलं होतं. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागची कारणं सांगितली. विधानसभेत चर्चा झाली. तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांचं आडनावच ‘वीस’वर संपणारं, त्यामुळे विनोदांना तोटा नव्हता. मग सगळं विरलं. नारळीकर बाई २०२३ साली गेल्या, तेव्हा काहींना हा वाद पुन्हा आठवला, तोही बहुतेक विनोदांसकट.

तुमच्यापैकी जे गणित-विज्ञान शिक्षणात पीएचडी करायच्या तयारीत आहेत, त्यांनी हा वाद परत उकरून काढावा असं मला वाटतं. आपल्या विषयातली सगळ्यात अवघड जागा इथे लख्ख दिसते. वर्गातली अडचण खरी आहे, उपाय सुचवणारी माणसं जाणकार आहेत, आणि तरीही अडचण आणि उपाय यांच्यामधली पायरी गायब आहे. जाहीर चर्चा चालली ती उदाहरणांवर आणि आठवणींवर. मोजमापावर नाही.

आधी अडचण नीट पाहू, कारण टीव्हीवर ती कुणीच नीट पाहिली नाही.

मराठीत एकवीस ते अठ्ठ्याण्णवपर्यंतच्या संख्यांत एकक आधी बोलला जातो, दशक नंतर. कानावर ‘पंच’ पडतं, मग ‘वीस’. लिहायचं मात्र आधी २, मग ५. ऐकत-ऐकत लिहिणारं मूल ५२ लिहितं ते बेफिकिरीने नव्हे. ते ऐकलेल्या क्रमाने लिहितं. ही झाली क्रमाची अडचण.

आता दुसरी. पंचवीसमध्ये वीस निदान ऐकू तरी येतो. बावन्नमध्ये पन्नास ऐकू येतो का? ‘बावन्न’मध्ये ‘वन्न’ आहे आणि लगेच पुढच्या ‘त्रेपन्न’मध्ये ‘पन्न’. सत्तर हा एकाहत्तरमध्ये ‘हत्तर’ होतो, साठ बासष्टमध्ये ‘सष्ट’ होतो आणि नव्वद ब्याण्णवमध्ये ‘ण्णव’. एककांचंही तसंच. तीन हा आकडा तेवीसमध्ये ‘ते’, तेहेतीसमध्ये ‘तेहे’, त्रेचाळीसमध्ये ‘त्रे’, त्र्याऐंशीमध्ये ‘त्र्या’. शंभरपर्यंतची नावं आपण नियमाने बनवत नाही, पाठ करतो. इंग्रजी माध्यमातलं पोर वीसपर्यंत आणि मग दशकांची नावं शिकलं की पुढचं स्वतः बोलू शकतं. मराठी पोराला ही सोय नाही.

आणि तिसरी, ‘एकोण’. एकोणतीस ऐकलं की कानात तीस राहतो आणि लिहायचा असतो २९. म्हणजे नावात वजाबाकी दडलेली. गंमत अशी की ही वजाबाकी एकोणनव्वदपर्यंत चालते आणि नव्याण्णवला सोडून जाते. एकोणशंभर कुणी म्हणत नाही.

या तीन वेगवेगळ्या अडचणी आहेत. ‘वीस पाच’ म्हटल्याने तिन्ही एकदम सुटल्यासारख्या वाटतात. इथेच संशोधकाने थांबायला हवं. तिन्ही चल एकाच वेळी बदलले, तर परिणाम झाला तरी तो कशामुळे झाला हे कळणार नाही. जोडाक्षरांचा मुद्दा तर चौथाच. तो मला त्यातल्या त्यात कच्चा वाटतो. सहा वर्षांचं पोर ‘चप्पल’, ‘रस्ता’, ‘बिस्किट’ सहज बोलतं. जोडाक्षर अडतं ते अक्षरी वाचताना आणि लिहिताना. तेव्हा ‘सत्त्याण्णव’ हा शब्द लिहिता न येणं ही भाषेच्या तासाची अडचण आहे, आणि ९७ म्हणजे नऊ दशक सात एकक हे न कळणं ही गणिताच्या तासाची. दोन्हींना ‘मुलांना संख्या अवघड जातात’ या एकाच वाक्यात बसवलं की गोंधळ सुरू होतो.

भाषा अडसर ठरते हा विचार आपल्याकडे नवा नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात (स्थापना १९७४) व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठ्यपुस्तकाच्या भाषेचा विज्ञान शिकण्यावर काय परिणाम होतो यावर फार आधी काम केलं. २०१९ च्या वादात या कामाची आठवण कुणी काढायला हवी होती.

आता बाहेरचं संशोधन. या विषयाचं लिटरेचर वाचायला घेतलंत की पहिल्यांदा चीन-जपान-कोरिया भेटतील. १९८० च्या दशकात आयरिन मिउरा यांनी आणि १९९० च्या दशकात केविन मिलर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या भाषांत संख्यांची नावं पारदर्शक आहेत (पंचवीस म्हणजे ‘दोन दहा पाच’) आणि तिथली लहान मुलं मोजण्यात, दशक-एकक समजण्यात अमेरिकी मुलांच्या पुढे असतात. वाचायला छान वाटतं. पण चीन आणि अमेरिका यांच्यात फक्त संख्यांची नावं वेगळी आहेत का? घरचा अभ्यास, शिक्षकांची तयारी, गणिताकडे बघायची पालकांची नजर, सगळंच वेगळं. दोन देशांची तुलना पुरावा म्हणून किती वजन पेलते, हा प्रश्न तुमच्या मुलाखतीत हमखास येणार आहे.

म्हणून मला वेल्सचं काम जास्त विश्वासाचं वाटतं. तिथल्या वेल्श माध्यमाच्या शाळांत ‘दोन दहा पाच’ अशीच नावं शिकवतात, शेजारच्या शाळेत इंग्रजी, आणि प्रदेश तोच. अ‍ॅन डाउकर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली ही तुलना प्रसिद्ध केली. निष्कर्ष माफक होता. एकूण अंकगणितात वेल्श मुलं पुढे नव्हती. दोन अंकी संख्या वाचणं, त्यांतली मोठी-लहान ओळखणं अशा ठरावीक कामांत त्यांना फायदा दिसला. माफक निष्कर्षांवर विश्वास ठेवायची सवय लावून घ्या; मोठ्या निष्कर्षांपेक्षा ते जास्त टिकतात.

उलट क्रमाबद्दल जर्मन भाषेत काम आहे. जर्मनमध्येही आपल्यासारखं ‘पाच आणि वीस’ म्हणतात. झुबर आणि सहकाऱ्यांनी २००९ साली ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांना संख्या सांगून लिहायला लावल्या, तर जवळपास निम्म्या चुका उलट क्रमाशी जोडलेल्या निघाल्या. आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर अभ्यास चेक भाषेतला, पिक्सनर आणि सहकाऱ्यांचा, २०११ चा. चेकमध्ये दोन्ही रीती चालतात, ‘वीस पाच’ही आणि ‘पाच-वीस’ही. त्यामुळे त्याच मुलांना दोन्ही रीतींनी संख्या सांगता आल्या. देश, घर, शिक्षक सगळं आपोआप सारखं! उलट्या रीतीत उलटापालटीच्या चुका भरपूर, सुलट्या रीतीत जवळजवळ नाहीत. बालभारतीच्या बाजूने एकच पुरावा द्यायचा झाला तर मी हा देईन.

पण तो सिद्ध काय करतो? सात वर्षांच्या आसपासचं मूल श्रुतलेखनात संख्या लिहिताना कमी अडखळतं, एवढंच. चौथीत ते भागाकार चांगला करेल असं तो म्हणत नाही.

आणि आता माझी मुख्य तक्रार. चीन आणि वेल्सचे दाखले देऊन ‘वीस पाच’चं समर्थन करताच येत नाही. ‘वीस पाच’ ही ‘दोन दहा पाच’सारखी रचना नाही. ती इंग्रजी आणि कानडी-तेलुगूसारखी आहे. ‘दोन दहा पाच’मध्ये दोन हा आकडा ऐकू येतो, तोच लिहायचा असतो. ‘वीस पाच’मध्ये ‘वीस’ ऐकू येतो आणि वीस म्हणजे २०, हे मुलाने नुकतंच शिकलेलं असतं. मग ते प्रामाणिकपणे २० लिहितं, त्यापुढे ५ लिहितं. २०५. म्हणजे ५२ ही चूक गेली तर तिच्या जागी २०५ येऊ शकते. दोन्हींत वाईट कोणती? ५२ लिहिणाऱ्या मुलाला निदान दोन घरं आहेत हे कळलेलं असतं. २०५ लिहिणाऱ्याला स्थानिक किंमत अजून उमगलेली नाही, किंवा त्याने ती त्या क्षणी वापरली नाही. तेव्हा नुसत्या चुका मोजून ‘कमी झाल्या’ म्हणणं पुरेसं नाही, चुकांची जात पाहावी लागते. मूल्यमापनाच्या कितीतरी अहवालांत ही एक गोष्ट राहून जाते.

विरोधकांना मी सोडणार नाही. ‘आम्ही नाही का शिकलो?’ हा त्यांचा आवडता युक्तिवाद. स्टुडिओत बसून हे म्हणणारे सगळे शिकलेलेच असणार. दुसरीत गणिताला घाबरून पुढे शाळाच सोडलेला माणूस त्या पॅनेलवर येत नाही. उरलेल्यांना विचारून गळलेल्यांबद्दल निष्कर्ष काढणं, ही चूक तुमच्या प्रपोजलमध्ये सापडली तर गाइड लाल रेघ मारतील. ‘मराठी बुडेल’ हा दुसरा युक्तिवाद. नॉर्वेने १९५१ साली सरकारी निर्णयाने ‘पाच आणि वीस’ची रीत ‘वीस पाच’ केली. कारण काय, तर टेलिफोन खात्याला नंबर सांगताना होणारे घोटाळे नको होते. नॉर्वेजियन भाषा बुडाली नाही. पण जुनी रीतही बुडाली नाही, सत्तर वर्षांनंतरही ती लोकांच्या तोंडी आहे. शाळेने ठरवलं म्हणून बाजार बोलायचा थांबत नाही.

बाजारावरून आठवलं. मी आंबेगाव तालुक्यातल्या पेठची. सातगाव पठारावरचं गाव, खरिपाचा बटाटा हीच ओळख. आमच्याकडच्या पोराच्या कानावर संख्या पुस्तकाच्या आधी पडतात: पिशव्या किती निघाल्या, मंचरला दहा किलोला काय भाव मिळाला, मजुरी किती द्यायची. आणि त्या संख्या नुसत्या पूर्ण नसतात. सव्वा, दीड, अडीच, पावणे, साडे. आता सांगा, ‘साडेसत्तावीस’चं नव्या रीतीत काय करायचं? ‘साडेवीस सात’? तो तर साडेवीस आणि वर सात झाला. ‘वीस साडेसात’? हे कदाचित जमेल, पण असं कुणी म्हणत नाही. ‘पावणेतीस’चं काय? मराठीची संख्याव्यवस्था म्हणजे केवळ शंभर शब्दांची यादी नाही, त्या शब्दांवर पुढचे मजले उभे आहेत. वादात हा मुद्दा मला भेटला नाही, आणि तो ना भाषाभिमानाचा आहे ना सोपेपणाचा. ज्या मुलाला शाळेत एक रीत आणि वजनकाट्यापाशी दुसरी रीत ऐकू येते, ते मूल दोन्ही जोडतं की शाळेचं गणित वेगळ्या कप्प्यात टाकतं, हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे. दुसरं झालं, तर श्रुतलेखनातल्या चार चुका कमी करून आपण महाग सौदा केला.

यात मोजमापाचीही एक मेख आहे. ‘असर’सारख्या सर्वेक्षणात मुलाला दोन अंकी संख्या दाखवून ओळखायला सांगतात. ६३ पाहून ‘त्रेसष्ट’ न आठवणाऱ्या मुलाला संख्या कळत नाही, की फक्त नाव आठवत नाही? तमिळ मुलाच्या आणि मराठी मुलाच्या बाबतीत हा एकच प्रश्न एकाच गोष्टीची परीक्षा घेत नाही. राज्याराज्यांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी हे डोक्यात असू द्या.

मग मी काय केलं असतं? पुस्तक छापण्याआधी, पेठ-मंचर-घोडेगाव पट्ट्यातल्या जिल्हा परिषदेच्या काही शाळा घेतल्या असत्या. दुसरीच्या मुलांना वीसेक संख्या तीन रीतींनी सांगायच्या: ‘पंचवीस’, ‘वीस पाच’, आणि ‘दोन दशक पाच’. ही तिसरी रीत महत्त्वाची, कारण ती वर्गात आधीच आहे. गठ्ठे आणि सुटे घेऊन शिकवताना बाई हेच बोलतात. तीच ‘दोन दहा पाच’च्या जवळची आहे, आणि ती आणायला नवीन शब्द लागत नाहीत. माझा अंदाज असा की तिसऱ्या रीतीत ५२ही कमी येईल आणि २०५ही. पण हा अंदाज आहे, आणि अंदाज चुकीचा ठरू शकेल अशी मांडणी करणं हेच तर आपलं काम. रीतींचा क्रम प्रत्येक गटात बदलायचा, नाहीतर शेवटच्या रीतीला सरावाचा फुकट फायदा मिळतो. एकोण-संख्या वेगळ्या मोजायच्या. आणि लिहून झालं की प्रत्येक मुलाला गठ्ठ्यांनी ती संख्या मांडायला सांगायची. ५२ लिहिलेल्या मुलाने दोन गठ्ठे आणि पाच सुटे मांडले, तर त्याला संख्या कळलेली आहे, फक्त हात कानामागे गेला.

हे सगळं दोन-तीन महिन्यांचं काम आहे, फार पैशाचं नाही. कुणाला करायचं असेल तर एक व्यवहाराची गोष्ट: आमच्याकडे बटाटा काढणीच्या दिवसांत जाऊ नका, पटावरचं पोर वर्गात असेलच असं नाही. दिवाळीनंतर जा. आणि श्रुतलेखन घेणाऱ्या माणसाला आधी स्वतःला ‘सदुसष्ट’ आणि ‘अडुसष्ट’ न अडखळता म्हणता येतं का, ते तपासून घ्या.